मण्यांची जाळी पुस्तकावरून शिकायची आहे, कसं पुस्तक घ्यावं?

काचमणी

नमस्कार. मणी ओवायची आवड जुनी आहे, पण आजवर साध्या माळा आणि पेयोटच्या, म्हणजे विटांसारखे मणी बसणाऱ्या विणीच्या पट्ट्या एवढंच केलं. गेले दोन महिने जाळी, म्हणजे नेटिंग, शिकते आहे. व्हिडिओ चालू असेपर्यंत हात बरोबर चालतो, बंद केला की पुढची ओळ सुचत नाही. म्हणून पुस्तकावरूनच शिकायचं ठरवलं आणि लायब्ररीतून एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यातले फोटो इतके सुंदर आहेत की पानं उलटतच राहावं, पण सूचना मला नीट उमगत नाहीत.

पाच मण्यांच्या जाळीची सरळ पट्टी करायला घेतली. पहिली ओळ छान बसली. दुसरीपासून पट्टी अरुंद होत गेली आणि सातव्या ओळीपर्यंत तिचा त्रिकोण झाला. तीनदा उसवलं, तिन्ही वेळा तेच.

दुसरं पुस्तक घ्यावं असं वाटतंय. निवडताना काय पाहायचं? नमुन्यांचं घ्यावं, तंत्राचं घ्यावं, की एखाद्या देशाच्या परंपरेवरचं? मी ११ नंबरचे सिलिंडर मणी वापरते आहे, ते जाळीला चालतात का?

सुईदोरा

पुस्तकाचं बोलूच, आधी एक सांगा. तुमच्या त्रिकोणात प्रत्येक ओळीत कमानी, म्हणजे एकदम उचललेल्या पाच मण्यांचे झोके, किती आहेत? मोजून लिहा.

काचमणी

मोजल्या. ९, ८, ७, ६... दर ओळीला बरोबर एक कमी.

सुईदोरा

मग तुमचा हात चुकलेला नाही, फक्त वळण राहून गेलंय. कसं ते बघा. पाच मण्यांच्या जाळीत आपण ५ मणी उचलतो आणि आधीच्या ओळीतल्या कमानीच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या मण्यातून सुई काढतो. तो मधला मणी दोन्ही ओळींचा असतो. मी त्याला सांध्याचा मणी म्हणते. आता ९ कमानी असल्या तर मधले मणी ९, आणि ९ मण्यांच्या मधल्या जागा ८. म्हणजे मधल्या मण्यातून मधल्या मण्यात असं जात राहिलं की पुढच्या ओळीत ८ कमानीच बसणार. तुम्ही जे विणलंय ते अचूकच आहे, त्रिकोणच व्हायला हवा होता.

पट्टी सरळ राहायची तर कडेला वळताना नेहमीच्या पाचापेक्षा जास्त मणी उचलावे लागतात. त्यातून कडेची उभी बाजू आणि नव्या ओळीची अर्धी कमान एकदमच तयार होते. किती मणी जास्त, हे प्रत्येक पुस्तकात वेगळं असतं, कारण कड कशी दिसावी हे ज्याचं त्याचं ठरतं. तुमच्या पुस्तकात ते वळण बहुतेक एका वाक्यात उरकलं असेल, किंवा फोटोत कड फ्रेमच्या बाहेर गेली असेल. पुन्हा एकदा तेवढंच वाचून बघा.

पण माझा खरा सल्ला असा की पट्टीपासून सुरुवातच करू नका. आडवी सपाट जाळी सोपी दिसते म्हणून बहुतेकजण तिथे जातात, पण दोन्ही कडांचं वळण सांभाळायचं म्हणजे नवशिक्याला ती सगळ्यात अवघड. गोल जाळीला कडच नसते. तिथे सांध्याचा मणी ओळखायची सवय लावा, मग उभ्या जाळीकडे, म्हणजे वरून खाली लडी ओवत करतात तिच्याकडे वळा, आणि सपाट पट्टी शेवटी. मी उलट क्रमाने शिकले आणि त्यात बरेच महिने गेले, म्हणून कळकळीने सांगते आहे.

गोलाचा सराव असा करा. १२ मण्यांचं कडं करून गाठ मारा. पहिली फेरी: ३ मणी उचला, कड्यातला एक मणी सोडा, पुढच्यातून सुई काढा. अशा ६ कमानी होतील. आता फेरी संपली की लगेच पुढे जायचं नाही, पहिल्या कमानीच्या पहिल्या २ मण्यांतून वर चढायचं, म्हणजे सुई मधल्या मण्यातून बाहेर येते. यालाच पुस्तकात स्टेप-अप म्हणतात. दुसरी फेरी ५-५ मण्यांची, आधीच्या कमानीच्या मधल्या मण्यातून. चढताना ३ मणी. तिसरी फेरी ७-७ ची, चढताना ४. कमानीतल्या मण्यांत एक मिळवा आणि निम्मे करा, तेवढ्या मण्यांतून चढायचं. हे एकदा कळलं की पुस्तकात आकडा नसला तरी अडत नाही. सगळे मिळून १०२ मणी लागतात.

आणि सांध्याचे मणी वेगळ्या रंगाचे घ्या. दर कमानीचा मधला मणी लाल, बाकीचे पांढरे. सुई कायम लालमधूनच जायला हवी. पांढऱ्यातून गेली की चूक तिथल्या तिथे दिसते, तीन ओळींनंतर नाही.

मणीमाळ

मण्यांबद्दल सांगते. सिलिंडर मणी, म्हणजे मियुकीचे डेलिका किंवा तोहोचे ट्रेझर, पेयोटला उत्तम, कारण त्यांची टोकं सपाट असतात आणि ते विटांसारखे एकमेकांना चिकटून बसतात. जाळीत मणी एकमेकांशी कोन करून बसतात. तिथे ती सपाट टोकं कोपऱ्यासारखी पुढे येतात आणि कमान खडबडीत दिसते. जाळीला गोलसर सीड बीड्स, म्हणजे बारीक काचेचे मणीच हवेत.

शिकताना ११ ऐवजी ८ नंबर घ्या. नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो: ८ नंबर साधारण ३ मिलिमीटर, ११ नंबर २ च्या जरा वर, १५ नंबर दीडच्या आसपास. ८ नंबरच्या जाळीत दोऱ्याची वाट डोळ्यांना दिसते. दोराही मण्यांच्या रंगाचा नको, उठून दिसेल असा घ्या. ११ नंबरला आल्यावर सुई १० किंवा १२ नंबरची.

दोऱ्याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. फायरलाइनसारखा दोरा ताणला जात नाही, मजबूत असतो, पण जाळीला त्याने ताठपणा येतो. जाळीची सगळी मजा तिच्या पडण्यात आहे. अंगावर ती कापडासारखी वळायला हवी. म्हणून मी नायलॉनचा दोरा वापरते. आधी हाताने ताणून घेते आणि मेण लावते, नाहीतर जाळी काही दिवसांनी सैल पडते.

निळाई

काचमणी, तुमच्या पुस्तकात पास थ्रू आणि पास बॅक थ्रू असे दोन वेगळे शब्द आहेत का? काही पुस्तकांत नुसती पीटी आणि पीबीटी अशी अक्षरं असतात. मी कितीतरी दिवस दोन्हीचा अर्थ 'मण्यातून सुई काढा' एवढाच घेत होते. फरक दिशेचा आहे. मणी ज्या दिशेने ओवला त्याच दिशेने पुन्हा गेलात तर पास थ्रू, उलट दिशेने परत आलात तर पास बॅक थ्रू. जाळीत या एका शब्दावर कमान उभी राहते की पिळली जाते हे ठरतं. एक्झिट म्हणजे सुई आत्ता कुठून बाहेर आलेली आहे ती जागा. प्रत्येक सूचना वाचायच्या आधी ती जागा आपल्या विणीत बोटाने दाखवायची. ती सापडली नाही तर पुढचं वाक्य वाचूच नका, आधीच्या पायरीत काहीतरी राहिलंय.

पुस्तक निवडायची माझी रीत सांगते. जाळीचं कुठलंही पान उघडा, मजकूर हाताने झाका आणि नुसती आकृती बघा. दोरा कुठून निघाला, कुठे गेला, कुठल्या बाजूला बाहेर आला हे आकृतीवरून सांगता येतं का? येत असेल तर ते पुस्तक घ्या. चांगल्या आकृतीत जुने मणी कोरे असतात, नवे भरलेले असतात आणि दोऱ्याची रेघ मण्याच्या आतूनही दाखवलेली असते. स्टेप-अप आणि कडेचं वळण यांच्या स्वतंत्र आकृत्या आहेत का हेही बघा. नुसते फोटो असतील तर ते पुस्तक पाहायला छान, शिकायला नाही. फोटोत दोरा मण्याच्या आत गेला की दिसेनासा होतो.

नमुन्यांच्या पुस्तकाबद्दल माझं मत जरा कडक आहे. वीस दागिने करून वीसही तंत्रं तुटक राहतात. ज्यात एकाच तंत्राला पूर्ण प्रकरण दिलंय, तीन मण्यांची, पाच मण्यांची, सात मण्यांची जाळी शेजारी शेजारी विणून दाखवली आहे, असं पुस्तक आधी. परंपरांवरची पुस्तकं नंतर जरूर घ्या. युक्रेनमध्ये जाळीच्या गळपट्टीला सिल्यांका म्हणतात, ग्रीनलंडच्या स्त्रियांच्या पोशाखात खांदे झाकणारी मण्यांच्या जाळीची भलीमोठी कॉलर असते. या कामांत रंगांची जी समज आहे ती तंत्राच्या पुस्तकात मिळणार नाही. पण त्यातले तक्ते वाचायला जाळीची बांधणी आधी डोळ्यांत बसलेली लागते.

बॉस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये मण्यांच्या जाळीचा एक पोशाख आहे, इजिप्तमधला, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. गिझाच्या एका थडग्यात १९२७ साली सापडला. दोरा केव्हाच नाहीसा झाला होता, पण काही मणी मूळ जागीच पडून होते, आणि त्यांच्या मांडणीवरून जाळी पुन्हा ओवता आली. मला हे फार मोलाचं वाटतं. मणी कुठे आहेत हे कळलं की दोरा कसा गेला असेल हेही कळतं. पुस्तकाची आकृती वाचताना आपण तेच करत असतो.

डावरी_वीण

माझ्यासारखं कुणी डाव्या हाताने विणत असेल तर: जवळपास सगळ्या आकृत्या उजव्या हाताच्या असतात. मनातल्या मनात उलटवत बसू नका, डोकं शिणतं. पानाचा फोटो काढा आणि फोनवर तो डावा-उजवा पलटवा. अक्षरं उलटी दिसतील, आकृती बरोबर दिसेल. मजकूर पुस्तकातून वाचायचा, आकृती फोनवर.

आणि पुस्तक सपाट उघडं राहतं का ते बघा. दोन्ही हात कामात असताना पान मिटलं की मोजणी जाते.

काचमणी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. निळाई, पीटी आणि पीबीटी दोन्ही आहेत! मी दोन्हीकडे एकाच दिशेने जात होते. आणि कडेचं वळण खरंच एका वाक्यात आहे, तेही पुढच्या पानावर.

८ नंबरचे गोल मणी घेऊन १०२ मण्यांचा गोल केला. लाल सांधे, पांढऱ्या कमानी. पहिल्याच वेळी जमला, टेबलावर सपाट पडला, बराच वेळ नुसता बघत बसले. मग हुरूप आला म्हणून ७-७ च्याच आणखी दोन फेऱ्या केल्या, तर कडा वर उचलल्या गेल्या आणि वाटीसारखा आकार आला. दोरा जास्त ओढला का मी?

सुईदोरा

ओढला नसणार. गोल मोठा होतो तसा बाहेरचा घेर वाढतो, आणि तुमच्या कमानी मात्र सहाच आणि सातच मण्यांच्या राहिल्या. घेराला मणी पुरेनात म्हणून कड आत ओढली गेली. सपाट हवा असेल तर चौथी फेरी ९ ची, पाचवी ११ ची. वाढ नेहमी दोनदोनने, म्हणजे कमानीला मधला मणी राहतो. उलट कधी कड लाटांसारखी हलू लागली तर मणी जास्त झालेत, तेव्हा दोन कमी करा.

ती वाटी मात्र जपून ठेवा. गोल वस्तूवर जाळीचं आवरण चढवतात ते असंच: मध्यापर्यंत वाढ, मग काही फेऱ्या तेवढेच मणी, मग घट. तुम्ही अर्ध्यावर पोचला आहात.

काचमणी

वाटी ठेवते, सपाट गोल नव्याने करते. त्यानंतर उभी जाळी. तिची सुरुवात कशी करायची तेवढं सांगाल का? माझ्या पुस्तकात तिची आकृती नाही.

निळाई

वरून खाली एक लड ओवायची: १ लाल, ३ पांढरे, १ लाल, ३ पांढरे, असं करत ५ लाल होईपर्यंत. शेवटच्या लालनंतर ३ पांढरे घ्या आणि त्याच लालमधून उलट दिशेने वर या. खाली छोटं टोक तयार होईल, तेच वळण. आता वर जाताना ३ पांढरे, १ लाल, ३ पांढरे उचला, लडीतला एक लाल सोडून त्याच्या वरच्या लालमधून जा. पुन्हा तसंच, सगळ्यात वरच्या लालपर्यंत. वाटेत उचललेले नवे लाल पुढच्या लडीचे सांधे होतात. लाल मण्यांची संख्या विषम ठेवा, म्हणजे एक सोडून एक जाताना बरोबर वरच्या लालवर पोचाल.

मणीमाळ

उसवताना एक लक्षात ठेवा, सुई घेऊन उलट फिरू नका. ती आतल्या दोऱ्याला टोचते आणि तिथे दोरा झिजतो. सुई काढून ठेवा आणि दोराच एकेका मण्यातून मागे ओढून घ्या.