मदत हवी आहे: रात्रीच्या वादळी पावसात सोयाबीनची सुडी (कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग) भिजली, आखाड्यावरचे (शेतातल्या निवाऱ्यावरचे) पत्रे उडाले. आधी काय करावं?

काळीशिवार:
मानवत तालुका, जि. परभणी. काल रात्री साडेअकरा ते दीड विजांसह जोराचा पाऊस आणि वारं. दसरा होऊन गेल्यावर एवढा पाऊस येईल असं धरलं नव्हतं. आजची स्थिती अशी:

5 एकर सोयाबीन कापून सुडी लावलेली होती. ताडपत्री मधोमध फाटली. वरचा थर चिंब, खालून पाणी शिरलंय. हात कोपरापर्यंत आत घातला की ऊब लागते. आखाड्यावरच्या 14 पत्र्यांपैकी 9 उडाले. 2 एकर कपाशीतली काही झाडं दुपारपासून माना टाकायलीत. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत पाणी गेलंय आणि बांधावर विजेची तार लोंबतेय, लाइट नाही.

सगळ्यात मोठा पेच: पंचनामा होईपर्यंत सुडी तशीच ठेवायची का हलवायची? गावात काहीजण म्हणतात हात लावू नका, नुकसान दिसणार नाही. काहीजण म्हणतात नवी ताडपत्री टाकून घट्ट झाका.

रोहित्र:
बाकी सगळं सोडा, आधी तार. लाइट नसली तरी ती जिवंत आहे असंच समजा, कारण फीडर (उपकेंद्रातून येणारी वीजलाइन) कधीही चालू होतो. शेजारच्या कुणी जनरेटर लावला असेल तर त्याचा उलटा करंटही येतो. ओल्या काळ्या रानात तारेपासून तीस-चाळीस फूट लांब राहा, जनावरं त्या बाजूला बांधू नका, काठीनं तार बाजूला सारायच्या भानगडीत पडू नका. 1912 वर तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

स्टार्टर: ऑटो स्विच वायरमनकडून आजच बंद करून घ्या, नाहीतर लाइट आल्याबरोबर ओल्या पेटीतून मोटार आपोआप सुरू होईल. पेटीत येणारी लाइन तिन्ही फेजची बंद असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्या, तोवर झाकणाला हात नको. मग आतले कॉन्टॅक्टर, रिले आणि कपॅसिटर हे भाग कोरड्या फडक्यानं पुसून पेटी एक दिवस उन्हात उघडी ठेवा. चालू करण्याआधी मेगर (करंट गळतोय का ते मोजणारं यंत्र) लावायला सांगा. वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) ते अर्थ 1 मेगाओमच्या खाली दाखवत असेल तर मोटार चालवू नका.

ढेलज:
सुडीबद्दल (आमच्या लातूरकडं बनीम म्हणतात). हात आत घातल्यावर ऊब लागते म्हणता, म्हणजे तुमच्याकडं वेळ नाही. ओला दाणा आणि ओला पाला श्वास घेतात, त्यातून उष्णता निघते, त्या उष्णतेत बुरशी वाढते आणि ती आणखी उष्णता सोडते. वरून ताडपत्री घट्ट ताणली तर वाफ आतच कोंडते, ताडपत्रीला खालून घाम येतो आणि कोरडा राहिलेला मधला मालही भिजतो. म्हणून झाकू नका, उघडा. आजच.

फोटोला अर्धा तास पुरे. चारी बाजूंनी, फाटकी ताडपत्री, तळाचं पाणी, मोड आले असतील तर मूठभर शेंगा हातात धरून जवळून. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर येईल असा कॅमेरा वापरा.

मग सुडी उकलताना माल तीन जागी टाका. वरचा हातभर थर एकीकडं, जमिनीला टेकलेला वीतभर थर दुसरीकडं, मधला तिसरीकडं. या तिघांची मिसळ झाली की सगळ्याच मालाला ओल्याचा भाव लागतो, इथंच जास्त लोक चुकतात. ओला माल मुरमाड उंचवट्यावर किंवा रस्त्याकडेच्या कोरड्या जागी वीतभर जाडीनं पसरा, दिवसातून तीनदा दाताळ्यानं परता. संध्याकाळी झाकायचंच असेल तर ताडपत्रीखाली बांबू घालून वारा खेळता ठेवा.

मळणीची घाई नको. ओल तपासायला घरचा उपाय: काचेची कोरडी बाटली एक तृतीयांश दाण्यानं भरा, दोन-तीन चमचे सुकं मीठ घाला, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला आतून चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. 13 टक्क्यांच्या आसपास आल्यावर मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला 300 ते 400 ठेवा. ओला माल काढला तर दाणा चेपतो, फार वाळलेला माल जोरात काढला तर डाळ पडते.

काळीशिवार:
उकलायला घेतली. वरच्या थरात शेंगेतच मोड दिसतायत. हा माल आणि भुसकट जनावरांना चालेल का? आणि मधल्या थरातलं बियाणं ठेवता येईल?

ढेलज:
काळी-हिरवी बुरशी धरलेलं किंवा कुबट वास येणारं भुसकट घालू नका. मोडाचे दाणे वेगळे काढा. बियाण्याला फक्त मधला थर, तोही उगवण पाहून: 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्यानं मोजा. 70 च्या खाली उगवले तर बियाण्याचा विचार सोडा.

वापसा:
कपाशीचा हा आकस्मिक मर आहे, रोग नव्हे. मुळांना हवा मिळेनाशी झाली की झाड माना टाकतं. चर काढून पाणी बाहेर काढा. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक) मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी 100 मिली ओता आणि बुडाची माती पायानं दाबा. माना टाकल्यापासून 24 ते 48 तासांत केलं तर झाडं सावरतात, उशीर झाला तर औषध वाया. फुटलेली बोंडं लगेच वेचू नका, सरकीसकट पूर्ण वाळू द्या. डागाळलेला कापूस वेगळ्या गोणीत.

पन्हाळी:
उडालेल्या पत्र्यांची भोकं बघा. भोक लांबट फाटलं असेल तर पत्रा बोल्टातून निसटलाय. भोक शाबूत आणि पत्र्यासोबत खालचा लोखंडी अँगलही उचकटला असेल तर दोष भिंतीतल्या पकडीत आहे, नुसते पत्रे बदलून पुढच्या वादळात तेच होईल. वारं कडेखालून शिरून पत्रा वर उचलतं, म्हणून वळचण पाऊण फुटापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. कडेच्या ओळींत बोल्ट जवळजवळ घ्या, रबरी वायसर घाला, बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खळग्यात नको. आणि पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडची पद्धत कृपा करून बंद करा. वाऱ्यात पत्रा उचलला की तो दगड खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो.

सातबारा:
पंचनाम्याचं. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि तहसीलदार, दोघांच्या नावे आजच लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर पोच घ्या. गट नंबर, ई-पीक पाहणीची नोंद, फोटो जोडा. मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के लागतं. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी धरतात, तुमच्या मंडळाचा आकडा आजच विचारा. आकडा कमी आला तरी अर्ज द्याच, त्यात वादळी वारा आणि अवकाळी पाऊस असं स्पष्ट लिहा.

72 तासांत पीक विमा कंपनीला कळवा असं अजून सगळे सांगतात. पण 2025 च्या खरिपात राज्यानं स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान हे भरपाईचे दोन्ही आधार काढून टाकले, भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या (मंडळातल्या नमुन्याच्या शेतात पीक कापून मोजलेल्या) उत्पादनावर ठेवली. तुम्ही ज्या हंगामाचा हप्ता भरलाय त्याची अट पावती घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) तपासा. पंचनामा करणारे उभं पीक बघून निघून जातात, तेव्हा "कापून सुडी लावलेलं सोयाबीन भिजलं" हे वाक्य पंचनाम्यात लिहिल्याशिवाय सही करू नका.