बिजागरी पोटाला की पाठीला?

पाटीपेन्सिल
दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातली गोड्या पाण्यातली कासवं कशी ओळखायची, याचं पत्रक मराठीत करते आहे. 'हिंज्ड टेरापिन'ला 'बिजागरी कासव' लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा आला: 'बिजागरी पाठीला असते, पोटाला नव्हे.' मूळ इंग्रजी मजकुरात तर स्पष्ट पोट आहे. कोण चुकतंय? आणि शब्द काय ठेवू?

चिखलपाय
चुकत कुणीच नाही, कासवं दोन आहेत. पाठीला बिजागरी असते ते किनिक्सिस, जमिनीवरचं. मागच्या पायांच्या वरचा पाठीचा भाग खाली मिटतो. तुमचं पेलुसिओस. त्याच्या पोटाचा पुढचा तुकडा वर उचलला जातो नि डोकं, पुढचे पाय आत बंद. मागचा तुकडा हलत नाही, कारण या गटात कटीचं हाड कवचाला जोडलेलंच असतं. नुसतं 'बिजागरी कासव' दोघांनाही बसतं. 'पोटबिजागरी' करा.

शब्दखेकडा
'पोटबिजागरी' हे हार्डवेअरच्या दुकानातलं नाव झालं. त्यात कुणी बिजागरी म्हणतं, कुणी मिजागरी. 'सांधा' हा साधा शब्द काय वाईट आहे?

चिखलपाय
सांधे कवचात ढिगाने असतात. हलतो तो एकच. 'सांधा' लिहिलंत तर वाचणारा पोटावरची कुठलीही आडवी रेघ बघून पेलुसिओस ठरवेल. पेलोमेड्यूसा हे तिथलंच, याच गटातलं दुसरं कासव. त्याच्याही पोटावर रेघा आहेत, बिजागरी नाही.

कमठ
मुळातला गोंधळ 'कवच' या शब्दात आहे. वर शिंगासारखे खवले, खाली हाडांच्या पाट्या, आणि दोन्हींच्या रेघा एकमेकींवर येत नाहीत. पेलुसिओसच्या पोटात मधल्या हाडांची जोडी मध्यरेषेवर एकमेकींना भिडते. पेलोमेड्यूसात तीच हाडं लहान, कडेला सरकलेली. खवले गळून पडलेलं रिकामं कवच हाती आलं तर हीच खूण उपयोगी. पत्रकात दोन्हींना 'पाटी' म्हटलं असेल तर ही खूण गेली. खवल्याला 'खवला', हाडाला 'पाटी', आणि हाडांमधल्या रेघेला 'शिवण'.

पाटीपेन्सिल
दोन्हींना 'पाटी'च केलंय. बदलते. खवल्याला 'शल्क' नको ना?

व्याकरणवेडा
का नको? शास्त्रात घरगुती शब्द घातले की अर्थ निसटतात. खवला माशाचा.

कमठ
खवल्या मांजर मासा आहे का?

चिखलपाय
वादाआधी पत्रकात ही गंमत घाला: या गटाच्या पोटावर खवले १३. सहा जोड्या, आणि गळ्याखाली मधोमध एक सुटा. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या खवल्यांच्या कासवांना १२, कारण ती सगळी मान सरळ मागे ओढणाऱ्या गटातली. पत्रकातली ही कासवं मान आडवी मुडपून कवचाच्या कडेखाली दडवतात.

ओळख लांबूनच करा. क्रूगरमध्ये ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही, आणि काठावर मगरी. बारमाही नदीत पाणघोड्याच्या पाठीवर ऊन खात बसलेलं मोठं कासव दिसलं, पाठीची मागची कड करवतीसारखी असली, तर बहुधा पेलुसिओस सिन्युएटस. म्हाताऱ्यात ही करवत झिजते, तेव्हा तिच्यावर एकटीवर भिस्त नको. पोट दिसलं तर मध्ये पिवळं, भोवती काळ्या रंगाची कोनाकोनांची कड. पावसाळी डबक्यातलं, चपट्या पाठीचं, हनुवटीखाली दोन बारीक लोंबत्या मिशा असलेलं पेलोमेड्यूसा असू शकतं. पण तशा मिशा पेलुसिओसलाही असतात. रंगावर जाऊ नका, चिखल आणि शेवाळ सगळ्यांना काळं करतं. परवानगी असलेल्यांनी उचललं तर कवच दोन्ही बाजूंनी मधोमध धरावं. मागचे पाय ओरबाडतात. बिजागरी तपासायला फटीत बोट घालू नये. पिल्लात ती नीट हलतच नाही, म्हणून 'बिजागरी नाही म्हणजे पेलोमेड्यूसा' हे पिल्लाला लावू नका.

पाटीपेन्सिल
आणि 'पेलोमेड्यूसा सबरूफा' हे नाव ठेवू?

कमठ
पूर्वी सगळ्या आफ्रिकेत ही एकच जात धरत. २०१४ मध्ये जनुकांवरून दहा जाती केल्या. दक्षिण आफ्रिकेत बऱ्याच भागात त्यातली गॅलिएटा. फोटोवरून सबरूफा आणि गॅलिएटा यांत फरक करणं अवघड, म्हणून ठिकाण लिहून घ्या आणि पत्रकात नुसतं 'पेलोमेड्यूसा' ठेवा.

व्याकरणवेडा
सगळ्यांना 'कच्छप' म्हटलं असतं तर हा घोळ झाला नसता. कासव त्याचंच रूप.

शब्दखेकडा
कासव 'कश्यप'वरून आलंय. संस्कृतात कश्यप म्हणजेच कासव.

व्याकरणवेडा
मत्स्य, मच्छ, मासा. 'च्छ'चा 'स' मराठीत होतोच. कच्छप, कच्छव, कासव.

शब्दखेकडा
कश्यप, कस्सव, कासव. तेही तितकंच सरळ बसतं.

पाटीपेन्सिल
मंडळी, शीर्षकात 'पोटबिजागरी' की 'पोट मिटणारं'? शुक्रवारी छपाईला जातंय.

व्याकरणवेडा
'मिटणारं' नको, 'मिटणारे' लिहा. छापील मजकुरात अनुस्वार कशाला?

शब्दखेकडा
झालं सुरू.