घरच्या युनिक्स वर्कस्टेशनसाठी कोणता प्रोसेसर: एक्स८६, आर्म, पॉवर की स्पार्क?

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी. मी खाड्यांमधल्या भरती-ओहोटीच्या प्रवाहांचं मॉडेल चालवते. कोड फोरट्रान ९० मधला आहे, ओपनएमपी (काम अनेक कोरांवर वाटणारी पद्धत) वापरतो, आणि फाइली वाचायची काही जुनी सबरूटीन्स सी मध्ये आहेत. मोठे रन संस्थेच्या क्लस्टरवर होतात. तिथे सगळे इंटेल झिऑन, म्हणजे एक्स८६ प्रोसेसर आहेत. पण डिबगिंग, छोटे रन आणि आलेख हे सगळं आता घरून करायचं आहे, म्हणून एक वर्कस्टेशन घेतेय. बजेट अडीच लाखांपर्यंत. विंडोज नको. लिनक्स, बीएसडी, मॅक, काहीही चालेल.

सल्ले चारी दिशांनी येताहेत. एक सहकारी म्हणतो आर्म प्रोसेसरवाला मॅक स्टुडिओ घे. एका मित्राला पॉवर९ वाल्या टॅलोस २ ची फार ओढ आहे, कारण त्याचं फर्मवेअर (यंत्र सुरू करणारा मूळ कोड) खुलं आहे. दुकानदार एएमडीचा रायझन (हाही एक्स८६) सुचवतो. आणि ओळखीच्या एका लॅबमध्ये सनचं जुनं स्पार्कवालं अल्ट्रा १० धूळ खात पडलंय, ते फुकट मिळतंय. ते नुसतं हौस म्हणून नको आहे. माझ्याकडे १९९० च्या दशकातल्या मोजणीच्या बायनरी फाइली आहेत, त्या सनवरच लिहिलेल्या, आणि माझ्या लॅपटॉपवर त्या उघडतच नाहीत.

प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे याने माझ्या कामात खरंच किती फरक पडेल?

---

बर्लिनकर

मॅकला माझं मत. मॅकओएस हे रीतसर प्रमाणपत्र असलेलं युनिक्स आहे, टर्मिनल आहे, होमब्रू या पॅकेज मॅनेजरवरून जीफोरट्रान हा कंपायलर एका कमांडीत येतो. मॅक स्टुडिओतल्या एम४ मॅक्स चिपची मेमरी बँडविड्थ (मेमरीतून आकडे ये-जा करण्याचा वेग) मॉडेलप्रमाणे ४१० किंवा ५४६ जीबी प्रति सेकंद आहे, साध्या डेस्कटॉपला ती गाठता येत नाही. आवाज जवळपास नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे घेतानाच नीट विचार करून घ्यावी लागते. आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या क्लँग या सी कंपायलरसोबत ओपनएमपीची लायब्ररी येत नाही. तुमचा सी कोडही जीसीसीनेच बांधा, म्हणजे प्रश्न मिटला.

---

रात्रपाळी

ताई, मी अनेक वर्षं सोलारिस (सनचं युनिक्स) आणि एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) यांची यंत्रं सांभाळली आहेत, आता लिनक्सची सांभाळतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

प्रोसेसरचं कूळ सगळ्यात शेवटी बघा. आधी मेमरी. तुमच्यासारखं मॉडेल दर टाइमस्टेपला सगळा ग्रिड वाचतं, प्रत्येक बिंदूवर चार-दोन गणितं करतं आणि परत लिहून ठेवतं. अगदी साधी ओळ घ्या: अ = ब + स × क, अ, ब, क हे तिन्ही मोठे अ‍ॅरे, डबल प्रिसिजन (प्रत्येक आकडा आठ बाइटांचा), आणि स ही एकच संख्या. एका घटकासाठी दोन गणितं होतात आणि किमान २४ बाइट मेमरीतून ये-जा करतात. दोन चॅनेलच्या डीडीआर५-५६०० ची कागदावरची मर्यादा ८९.६ जीबी प्रति सेकंद. भागाकार करा: सेकंदाला सुमारे साडेसात अब्ज गणितं, त्यापुढे नाही. सोळा कोरांचा रायझन याच्या कितीतरी पट गणितं करू शकतो, पण त्याच्यापर्यंत आकडे पोचतच नाहीत. थोडेच कोर कामाला लागले की मेमरीचा रस्ता भरतो आणि उरलेले वाट बघत बसतात. म्हणून सोळा कोरांवर पैसे घालण्याआधी क्लस्टरवर एक छोटा रन १, २, ४, ८ थ्रेडवर लावून वेळ लिहून काढा. वेळ कुठे घटायची थांबते तो आकडा तुमच्या कोडचा स्वभाव सांगेल.

बर्लिनकरांचा मुद्दा इथे अगदी रास्त आहे. फक्त मॅकची ती बँडविड्थ जीपीयूशी सामायिक असते आणि सीपीयूला एकट्याला ती पूर्ण वापरता येत नाही. तरीही रायझनपेक्षा ती भरपूरच आहे.

तरी मी तुम्हाला एक्स८६ च सुचवेन, आणि कारण आहे तुमचा क्लस्टर. तिथे झिऑन आहेत, म्हणजे बहुधा इंटेलचा कंपायलर आणि एमकेएल ही त्यांची गणिताची लायब्ररीही असणार. हे दोन्ही आर्मवर मिळत नाहीत. घरी जो बग दिसला तोच तिथे दिसायला हवा, आणि तिथला घरी पकडता यायला हवा. रात्री अकरा वाजता रन कोसळतो तेव्हा दोन्हीकडे तेच कंपायलर आणि त्याच लायब्ररी असणं फार मोलाचं ठरतं.

टॅलोस २ बद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्या यंत्रावर बूटपासून काय चालतंय हे वाचून बघता यावं ही मागणी योग्यच आहे. पण पॉवर९ हा २०१७ चा प्रोसेसर, मेमरी डीडीआर४, आणि बाहेरून मागवलं तर तुमच्या बजेटात बसणार नाही. त्या मित्राने जरूर घ्यावं, तुमच्या कामाला नको.

आता अल्ट्रा १०. यंत्र देखणं आहे, सोलारिस त्यावर छान चालायचं, पण १९९८ च्या आसपासचं आहे. अल्ट्रास्पार्क-२आय, जास्तीत जास्त १ जीबी रॅम. त्याच्या सेटिंग जपणाऱ्या एनव्हीरॅम चिपमध्येच बॅटरी बंद केलेली असते आणि ती एव्हाना संपलेली असणार. चालू केलंत की आयडीप्रॉम (यंत्राची ओळख ठेवणारा भाग) अवैध असल्याचा संदेश येईल आणि इथरनेटचा पत्ता हरवलेला असेल. ओके प्रॉम्प्टवर तो हाताने भरता येतो, पण वीज गेली की परत तेच.

आणि फाइलींसाठी ते यंत्र लागतच नाही. स्पार्क बिग-एंडियन आहे, म्हणजे संख्येचा मोठा बाइट आधी लिहितो. तुमचा लॅपटॉप लिटल-एंडियन, म्हणजे बरोबर उलट. फोरट्रानची अनफॉरमॅटेड फाइल प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर चार बाइटांत त्याची लांबी लिहिते. समजा रेकॉर्डमध्ये चार-चार बाइटांचे एक हजार रिअल आहेत, म्हणजे लांबी ४०००. सनवर हे बाइट हेक्समध्ये ००, ००, ०एफ, ए० असे पडतात. इंटेल ते उलटीकडून वाचतो आणि त्याला लांबी दिसते उणे १,६०,९६,२९,६९६. मग तो फाइल कशी उघडणार? ऑक्टल डंपने फाइलचे पहिले चार बाइट बघा, असंच काहीतरी दिसेल. जीफोरट्रानला 'एफकन्व्हर्ट' हा पर्याय बिग-एंडियन म्हणून द्या, किंवा ओपन स्टेटमेंटमध्येच 'कन्व्हर्ट' लिहा. फाइली आहेत त्याच यंत्रावर वाचल्या जातील.

---

पंचगंगा

रात्रपाळी काका, रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटचं नाव कोणीच काढलं नाही म्हणून विचारतो. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, हे आपल्याकडचे प्रोसेसर त्याच इन्स्ट्रक्शन सेटवर आहेत. डेबियन १३ मध्ये तो अधिकृत झाला. मग आत्ताच त्यावर जाऊ नये का?

---

रात्रपाळी

जा, तुम्ही नक्की जा. तुमचं वय ते शिकण्याचं आहे आणि या आर्किटेक्चरला तुमच्यासारखी माणसं हवी आहेत. व्हिजनफाइव्ह २ सारखा बोर्ड घ्या आणि एखादं पॅकेज त्यावर बांधून बघा. पण त्यात १.५ गिगाहर्ट्‌झचे चार साधे कोर आहेत आणि व्हेक्टर विस्तार (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणारा) नाही. ताईंचं मॉडेल त्यावर रात्रभर चालत राहील. व्हेक्टर सक्तीचा करणारा आरव्हीए२३ प्रोफाइल २०२४ मध्ये मंजूर झाला. त्यावरची डेस्कटॉप यंत्रं रुळली की या प्रश्नाचं उत्तर वेगळं असेल.

एक सांगतो, आर्किटेक्चरवर जीव लावावा, पण कोड त्यावर अडकवू नये. पुण्याच्या सी-डॅकचंच बघा. त्यांचा परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर चिपवर उभा राहिला, १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, परम पद्म पॉवर४ वर, आणि पुढे परम युवा इंटेलवर. डेकचा अल्फा प्रोसेसर तर १९९२ पासून ६४ बिटी, वेगात सगळ्यांच्या पुढे, आणि २००१ मध्ये कॉम्पॅकने तो गुंडाळायचं जाहीर केलं. एसजीआयचे मिप्स प्रोसेसर आणि आयरिक्स हे युनिक्स २००६ मध्ये थांबले. चांगली यंत्रं होती ती, मला आजही वाईट वाटतं. ज्यांचा कोड मानक फोरट्रान आणि सी मध्ये होता ते पुन्हा कंपाइल करून पुढे गेले. बाकीच्यांना नव्याने लिहावं लागलं.

---

भरतीओहोटी

काका, खूप आभार. फाइली उघडल्या! 'कन्व्हर्ट' लिहिलं आणि पहिल्याच झटक्यात पाण्याच्या पातळीचे आकडे नीट आले.

आता एक नवीन शंका. सहकाऱ्याच्या मॅकवर माझा कोड चालवून पाहिला. दोन दिवसांच्या रननंतर वेगाचे आकडे इंटेलपेक्षा सातव्या-आठव्या अंकात वेगळे येतात. कोण चुकतंय? आणि सी मधलं एक सबरूटीन माझ्या मुलाच्या रास्पबेरी पायवर थांबतच नाही, मॅकवर मात्र बरोबर चालतं.

---

रात्रपाळी

आकड्यांच्या बाबतीत कोणीच चुकत नाही. आर्म ६४ मध्ये गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारी सूचना पहिल्यापासून आहे, आणि जीसीसी ती आपणहून वापरतो. तिथे राउंडिंग एकदाच होतं. एक्स८६ साठी खास पर्याय न देता कंपाइल केलं तर दोन वेगळ्या सूचना निघतात आणि राउंडिंग दोनदा होतं. फरक शेवटच्या बिटात सुरू होतो आणि टाइमस्टेपागणिक वाढत जातो. 'एफपी-कॉन्ट्रॅक्ट' बंद करून दोन्हीकडे बांधा. फरक बहुतेक नाहीसा होईल. उरला तर साइन, कोसाइनच्या लायब्ररीकडे बघा.

सी चं दुखणं ओळखीचं आहे. गेटकॅर या एकेक बाइट वाचणाऱ्या फंक्शनची किंमत 'चार' (कॅरेक्टर, म्हणजे एका बाइटाच्या) प्रकारच्या चलात ठेवून ती ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, उणे एक) ताडून बघितली असणार. एक्स८६ वर आणि अ‍ॅपलच्या यंत्रांवर 'चार' मध्ये ऋण संख्या बसते. आर्मच्या लिनक्सवर, म्हणजे पायवर, बसत नाही, उणे एकचं २५५ होतं आणि लूप कधीच संपत नाही. चल 'इंट' करा. एक्स८६ वरसुद्धा तो कोड चूकच आहे, २५५ चा खरा बाइट आला की फाइल अर्ध्यात संपली असं समजेल. तुमच्या बायनरी फाइलींत तसा बाइट येणारच.

म्हणूनच तो पाय मुलाकडून अधूनमधून मागून घेत जा. पाय ५ असेल तर आणखी बरं, त्याचा नेहमीचा कर्नल मेमरीची १६ केबीची पानं वापरतो, ४०९६ बाइट गृहीत धरलेलं कुठे असेल तर तिथे उघडं पडेल. ओपनएमपीतले सिंक्रोनायझेशनचे बगही तिथेच पकडा. एक्स८६ मेमरीतल्या लिखाणाचा क्रम बराच पाळतो, आर्म तेवढा पाळत नाही, त्यामुळे विसरलेला फ्लश (एका थ्रेडचं लिखाण दुसऱ्याला दिसेल असं करणारी सूचना) इंटेलवर वर्षानुवर्षं झाकलेला राहू शकतो. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये आर्म चालवून हे दिसत नाही, खालचा प्रोसेसर एक्स८६ च असतो. बिग-एंडियनची चाचणी मात्र क्यूईएमयूवर उत्तम होते. डेबियनचा एस३९०एक्स (आयबीएम मेनफ्रेमसाठीचा, बिग-एंडियन) त्यासाठी घ्या, अल्ट्रा १० आणायला नको.

खरेदीचं थोडक्यात: आठ किंवा बारा कोरांचा रायझन, आणि ईसीसी (चुकलेले बिट दुरुस्त करणारी मेमरी) चालते असं उत्पादकाने लेखी दिलेला मदरबोर्ड. डीडीआर५ च्या चिपमधली अंगभूत दुरुस्ती म्हणजे ईसीसी नव्हे, दुकानदार तसं म्हणाला तर ऐकू नका. रॅमच्या दोनच कांड्या घ्या, ४८-४८ जीबीच्या. चार लावल्या तर रायझन ९००० मालिकेत अधिकृत वेग ५६०० वरून ३६०० वर येतो, आणि तुमच्या मॉडेलला नेमकी तीच गोष्ट लागते.

---

भरतीओहोटी

गेटकॅरच होतं, ओळ २१२. 'इंट' केल्यावर पायवर सबरूटीन संपलं. थ्रेडचा रनही लावला, सहाच्या पुढे वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे आठ कोर पुरे. वाचलेल्या पैशांत ईसीसीच्या कांड्या बसतात, उद्या दुकानात मदरबोर्डचं विचारते.