सर्व्हरची खोली पावसाळ्याआधी तयार करायची आहे, भिंतीला ओल आहे. मदत हवी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत मी कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. आजवर दोन साध्या कॉम्प्युटरवर काम भागलं. आता जूनमध्ये पहिला सर्व्हर, म्हणजे सगळा हिशेब ठेवणारा मुख्य कॉम्प्युटर, येतोय. सोबत तो बसवायचा रॅक, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा एक नेटवर्क स्विच आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस. खोली तयार करून घेण्याचं काम माझ्याकडे आहे.

खोली १० बाय १२ फुटांची, तळमजल्यावर. जांभ्या दगडाच्या भिंती, वर स्लॅब. पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात कमरेपर्यंत ओल येते. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. गेल्या श्रावणात त्या भिंतीलगतच्या कपाटातून जुन्या खतावण्या काढल्या, तर पानं एकमेकांना चिकटलेली. तिथेच ठेवलेल्या बंद कॉम्प्युटरची रॅम उपसली, तर पट्ट्यांवर हिरवट थर. तेव्हापासून उन्हाळ्यापेक्षा मला ओलीचीच धास्ती वाटते.

चेअरमन साहेब म्हणतात, २ टनाचा एसी लावू, ओल आपोआप जाईल. हे खरं आहे का? दुसरं म्हणजे अर्थिंग. वायरमन म्हणतो ठीक आहे. पण दुपारी सगळा लोड चालू असताना मी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजलं, तर ११ व्होल्ट आले. सर्व्हरवाले ३ च्या आत मागतात.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या बायका, भाजीवाले रोज पन्नास-शंभर रुपये पिग्मीत भरतात. त्यांच्या पैशांचा हिशेब या मशीनवर राहणार आहे, म्हणून घाई करून चूक करायची नाही.

उत्तर, निपाणीहून:
अक्का, २ टनाचा एसी घेऊ नका. तुमचा सर्व्हर, स्विच आणि यूपीएसची उष्णता मिळून फार तर ७५० वॅट होईल, म्हणजे तासाला सुमारे २,५५० बीटीयू (उष्णता मोजायचं माप). १ टनाचा एसी १२,००० बीटीयू ओढतो. भिंतीतून, स्लॅबमधून येणारी उष्णता धरली तरी १ टन पुरतो. मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. ओल शोषली जाते ती कॉम्प्रेसर चालू असताना, त्यामुळे हवा गार पण दमटच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये तर बाहेरच गारवा असतो, एसी चालणारच नाही. त्यासाठी हवेतला दमटपणा ओढून घेणारं मशीन, डिह्युमिडिफायर, वेगळं घ्या आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. एसी २४ वर ठेवा. १८ वर ठेवलात तर उलट दाराला, भिंतीला बाहेरून घाम सुटेल.

१ टनाचे दोन एसी घ्या, टायमरवर आलटून पालटून चालवा. घेताना एक गोष्ट नक्की विचारा: लाईट जाऊन आली की एसी आपोआप सुरू होतो का? रात्री दोनला लाईट आली आणि एसी बंदच राहिला, तर सकाळपर्यंत खोली तापते. एसी रॅकच्या डोक्यावर नको, त्याचं पाणी ठिबकतं.

भिंतीला आतून रंग मारून ओल थांबत नाही, फुगे येतात. ओल बाहेरूनच अडवा. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढा, पश्चिमेला पत्रे मारून घ्या. आता जमीन कोरडी आहे तोवरच हे होईल.

उत्तर, बेळगावहून (वायरिंगचं काम करतो):
ताई, मे महिन्यात मोजलंत हे चांगलं केलंत. पावसाळ्यात ओल्या मातीत अर्थिंग चांगलंच दिसतं, जांभ्याच्या जमिनीत खरं रूप उन्हाळ्यात कळतं. अर्थ-टेस्टरने अर्थिंगचा खड्डा मोजून घ्या. पण ११ व्होल्टचं कारण बहुतेक वेळा न्यूट्रलमध्ये असतं: मीटरजवळचा ढिला जोड, किंवा लांबून ओढलेली बारीक वायर. आधी ते तपासा. सर्व्हरला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाईन द्या. नुसत्या यूपीएसने हे व्होल्टेज जात नाही, बऱ्याच यूपीएसमध्ये न्यूट्रल सरळ पुढे जातो. गरज पडली तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सर्व्हरची लाईन बाकीच्या वायरिंगपासून वेगळी करणारा) लागेल. नवीन खड्डा काढलात तर तो जुन्या अर्थला जोडायलाच हवा, सुटा ठेवणं धोक्याचं. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत मेनवर सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून मशीन वाचवणारा) बसवा.

आणि पाणी घालायच्या बॅटऱ्या त्या खोलीत नकोत, चार्जिंगला हायड्रोजन निघतो. आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवा. पावडरचा सिलिंडर नको, पावडर मशीनमध्ये शिरली की मशीन गेलंच समजा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आज मीटरजवळचं झाकण वायरमनकडून उघडून घेतलं. न्यूट्रलचा जोड काळा पडलेला, इन्सुलेशन वितळून चिकटलेलं. तो कापून नवा जोड मारल्यावर त्याच लोडवर ४ व्होल्ट आले. स्वतंत्र लाईन सोमवारी ओढणार. रॅक पूर्वेच्या भिंतीकडे घेतोय, पुढे-मागे तीन-तीन फूट सोडून, खाली सहा इंचांचा ओटा. चेअरमन साहेबांना बीटीयूचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, दोन लहान एसींना त्यांनी होकार दिला.

एक विचारायचं राहिलं. डिह्युमिडिफायरची टाकी भरली की मशीन थांबतं म्हणतात. शनिवार दुपारपासून सोमवारपर्यंत इथे कोणी नसतं. पाईप काढून पाणी बाहेर सोडलं तर चालतं का, आणि त्या भोकातून उंदीर येऊ नयेत म्हणून तुम्ही काय लावता?