सल्ला हवा: पोर्तुगीज पासपोर्टवर आयर्लंड की जर्मनी? बायको-मुलगा भारतीय पासपोर्टवर

तेरेखोलपार (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझा पासपोर्ट पोर्तुगीज (आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पेडण्यातला), नोकरी लिस्बनजवळ. बायको सावंतवाडीजवळच्या गावातली, मुलगा ४ वर्षांचा. दोघांचे पासपोर्ट भारतीय, सध्या गावीच आहेत. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत, त्याचा दाखला (नमुना ई) हातात आहे. दोन नोकऱ्या समोर आहेत: आयर्लंडात कॉर्कला गोदामात आणि जर्मनीत कासेलजवळ, कामही साधारण तेच. दोघांना न्यायचंय. विमानाची तिकिटं सोडून कागदपत्रांसाठी एकूण ६०० युरो आहेत. वकील परवडणार नाही. कोणता देश सोपा, आणि कागद कोणत्या क्रमाने करू?

बव्हेरियाबुवा
जर्मनी. डोळे झाकून. वहिनींनी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात युरोपीय नागरिकाची कुटुंबीय म्हणून शेंगेन व्हिसा मागायचा. फी शून्य. फॉर्मवर ज्या रकान्यांना तारा आहे ते कुटुंबीयांनी भरायचे नसतात: नोकरी, खर्च कोण करणार वगैरे. हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट, प्रवास विमा यातलं काही लागत नाही. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि तुम्ही तिथे जाताय किंवा राहताय याचा पुरावा, एवढंच. पोचल्यावर २ आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे आन्मेल्डुंग. त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. इथेच निम्मे लोक अडकतात. मग परदेशी नागरिक कार्यालयात वहिनींच्या आउफेंटहाल्ट्सकार्टेचा, म्हणजे राहण्याच्या कार्डाचा, अर्ज. तुम्हाला स्वतःला कसलंही प्रमाणपत्र काढायचं नाही, ते २०१३ पासून बंद आहे.

वकील_लावाच
वकील लावा. २००० युरो जातील, पण डोक्याला ताप नाही. असल्या गोष्टीत पैसे वाचवायला जाऊ नये.

कोथरूडकर_म्युनिक
बुवा, एक राहिलं. वहिनींना आधी जर्मन भाषेची ए१ परीक्षा (पहिली पायरी) पास व्हावी लागेल, आणि बँकेत ब्लॉक खातं, म्हणजे खर्चाची रक्कम अडकवून ठेवलेलं.

बव्हेरियाबुवा
नाही. ए१ ची अट जर्मन नागरिकाच्या किंवा इथे व्हिसावर असलेल्या भारतीयाच्या जोडीदाराला. धागाकर्ता पोर्तुगीज, म्हणजे दुसऱ्या सदस्य देशाचा नागरिक. त्याच्या बायकोला भाषेची अट नाही. ब्लॉक खातं विद्यार्थ्यांचं, ते इथे आलं कुठून?

कोथरूडकर_म्युनिक
माझ्या ऑफिसात सगळ्यांच्या बायकांनी दिली आहे परीक्षा.

बव्हेरियाबुवा
कारण तुमच्या ऑफिसातले सगळे भारतीय पासपोर्टवर आहेत हो.

लिफ्फीकाठी
आयर्लंडची बाजू. युरोपीय नागरिकाला तिथे नोंदणीच नाही, पीपीएस क्रमांक (कर आणि सरकारी कामांसाठीचा) काढायचा आणि कामाला लागायचं. वहिनींचा व्हिसा अर्ज ऑनलाइन, प्रकार कुटुंबाकडे जाणं, युरोपीय करार हक्काखाली. हे शब्द निवडले नाहीत तर अर्ज साध्या रांगेत जातो आणि पगाराचे आकडे मागायला लागतात. पोचल्यावर राहण्याच्या कार्डासाठी ईयू१ फॉर्म. सोबत तुमचा करार, पगारपावत्या, भाड्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, सगळ्यांचे पासपोर्ट. अर्ज दाखल झाला की तात्पुरता ४ईयूफॅम शिक्का (युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाची परवानगी) मिळतो, त्यावर काम करता येतं. इतरांना नोंदणी कार्डाचे ३०० युरो पडतात, या वर्गाला फी नाही. मुलगा ८ वर्षांखालचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडची भेट मोफत. पण घर मिळणं महाकठीण. कॉर्कमध्ये भाड्याचा विचार आधी करा, नोकरीचा नंतर.

स्विंडनकर
इकडे इंग्लंडात या की! अख्खं गोवा इथे आहे. मासळी मिळते, गणपती बसतो.

नियमावली
स्विंडनकर, ते दार ब्रेक्झिटमुळे ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. आधीपासून तिथे असलेल्या युरोपीयांच्या सेटलमेंट योजनेचे अर्ज ३० जून २०२१ पर्यंत होते. आता पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात नोकरीला यायचं तर इतर परदेशी माणसासारखाच व्हिसा. धागाकर्त्याचा काही उपयोग नाही.

आता मूळ प्रश्न. देश कुठलाही घ्या, पाया एकच: युरोपीय संघाचा मुक्त संचाराचा निर्देश २००४/३८. ३ महिन्यांपर्यंत पासपोर्ट पुरे. त्यापुढे नोकरी किंवा धंदा; शिक्षणासाठी किंवा नुसतं राहायचं असेल तर पुरेसे पैसे आणि पूर्ण आरोग्य विमा. तुमची नोकरी आहे, म्हणून विम्याचा आणि पैशाचा मुद्दा उठतच नाही. कार्यालयाने विम्याचे कागद मागितले तर शांतपणे सांगा की मी कामगार म्हणून आलोय. जोडीदार आणि २१ वर्षांखालची मुलं यांचा हक्क तुमच्या हक्कातून येतो. अर्जाची पोच लगेच मिळायला हवी आणि कार्ड ६ महिन्यांच्या आत. कार्ड हे हक्काचा पुरावा आहे, हक्क त्याआधीपासून असतो. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आपला_बाब्या
+१ नियमावली. वाचनखूण साठवली.

वकील_लावाच
म्हणूनच म्हणतो, वकील लावा.

सुंगटाची_कढी
अरे झिला, इतको त्रास कशाक? बायकोक आधी लिस्बनाक हाड, थय कार्ड कर, मगे खंय जावचा तां बघ.

नियमावली
कढी, कार्ड होईल. पोर्तुगालने आपल्या २००६ च्या ३७ क्रमांकाच्या कायद्यात स्वतःच्या नागरिकांच्या कुटुंबालाही घेतलंय. अडचण पुढे आहे. व्हिसाशिवाय प्रवासाची सवलत त्या कार्डाला असते जे नागरिकाने दुसऱ्या सदस्य देशात राहताना तिथे मिळालं. स्वतःच्या देशाने दिलेलं कार्ड आयर्लंडच्या विमानात बसताना चालत नाही, व्हिसा काढावाच लागतो. जर्मनीत त्या कार्डावर ९० दिवस जाता येतं, पण राहण्यासाठी तिथला अर्ज वेगळा आहेच. म्हणजे एकाच कामाला दोनदा रांग.

एकच_प्रश्न
आईबाबांनाही नेता येईल का? (माझ्यासाठी विचारतोय. धागा पळवायचा हेतू नाही.)

नियमावली
पळवलात. अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात येतात, तुमचे आणि जोडीदाराचेही. पण ते गावी असतानाच तुमच्यावर अवलंबून होते हे सिद्ध करावं लागतं. दर महिन्याला बँकेतून ठरावीक रक्कम गेलेली दिसली पाहिजे. सुट्टीत जाऊन हातात ठेवलेल्या रोख पैशांना पुरावा नसतो. वडिलांचं स्वतःचं पेन्शन आणि आंब्याची बाग असेल तर अर्ज अवघड.

एकच_प्रश्न
बाग आहे.

सातासमुद्रापलीकडची
कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. वहिनींचा हक्क धागाकर्त्याच्या नोकरीवर आणि लग्नावर टांगलेला असतो, हे दोघांनी मिळून समजून घ्या. वर्षभराआत नोकरी गेली, स्वतःहून सोडली नसेल आणि बेरोजगार म्हणून नोंद केली, तर कामगाराचा दर्जा किमान ६ महिने टिकतो. वर्षाहून जास्त काम झालं असेल तर ती ६ महिन्यांची मर्यादा नाही. नोंद न करता घरी बसलात तर दोघांचाही आधार जातो. घटस्फोट झाला तर लग्न ३ वर्षं टिकलेलं आणि त्यातलं १ वर्ष त्या देशात गेलेलं, तर वहिनी स्वतःच्या पायावर राहू शकतात (मुलाचा ताबा किंवा घरगुती छळ अशी इतर कारणंही धरतात), आणि त्यासाठीही स्वतःची कमाई किंवा पुरेसे पैसे लागतात. म्हणून त्यांचं बँक खातं, करार, पत्त्याची पत्रं त्यांच्या नावाने सुरू करा. ५ वर्षांनी कायमचा निवास मागताना हेच कागद लागतात. ती ५ वर्षं सलग, वर्षात ६ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर नको. बाळंतपण, आजारपण अशा कारणाने एकदा १२ महिन्यांपर्यंत चालतं.

कोथरूडकर_म्युनिक
कामगार म्हणजे पूर्णवेळच लागतो ना? माझ्या माहितीत ४० तास.

नियमावली
नाही. खरं आणि प्रत्यक्ष काम असलं की पुरे. २०१० च्या गेंच प्रकरणात आठवड्याला ५.५ तासांच्या सफाईकामावरही हा दर्जा नाकारता येत नाही असं युरोपीय न्यायालयाने म्हटलं. गोदामाची पूर्णवेळ नोकरी असताना ही चर्चा कशाला?

कोथरूडकर_म्युनिक
माहितीसाठी विचारलं. लगेच अंगावर येऊ नका.

बेलफास्टबंदी
आयर्लंडला गेलात तर एक ध्यानात ठेवा. कॉर्कहून गाडीने वर निघालात की बेलफास्टपर्यंत कोणी अडवत नाही, पाटीवर किलोमीटरचे मैल होतात तेवढंच. पण वहिनींचं आयरिश कार्ड तिथे चालत नाही, ब्रिटिश व्हिसा लागतो. सीमेवर चौकी नाही याचा अर्थ नियम नाही असा नव्हे. बसमध्ये तपासणी होते.

मांडवीचा_तीर
मुलाला आधी पोर्तुगीज करून घ्या, मग त्याला व्हिसाच नको. आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) विसरू नका. गोव्यातल्या ज्यांचा भारतीय पासपोर्ट रद्द झालाय त्यांना पासपोर्ट परत केल्याच्या प्रमाणपत्राऐवजी रद्द केल्याचं प्रमाणपत्र चालतं, २०२४ पासून.

नियमावली
मुलाचं आत्ता नको. तो भारतात, भारतीय पासपोर्टवर. तिथे असताना पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला तर बाहेर पडताना शिक्का कशावर मारायचा इथपासून गोंधळ. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. आधी कुटुंबीय म्हणून न्या, नोंदणी नंतर तिथून करा. नोंदणीत क्रम असा: आधी तुमचं लग्न पोर्तुगालच्या नोंदीत, मग मुलाचा जन्म. व्हिसासाठी या नोंदीची अट निर्देशात नाही, पण दाखला नाही म्हणून खिडकीवर नाक मुरडलं जातं.

दाखलादुरुस्ती
सगळे व्हिसावर बोलताय, खरी माशी नमुना ई मध्ये शिंकते. पोर्तुगीज नोंदीत नावं जुन्या लेखनाने असतात. आपला शेट तिथे एक्सने सुरू होतो, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई येतं. ग्रामसेवकाने दाखल्यावर आधार कार्ड बघून शेट लिहिलेलं असतं. दूतावासातल्या माणसाच्या दृष्टीने ते दोन वेगळे नवरे. दोन उपाय: ग्रामपंचायतीत दुरुस्ती, किंवा दोन्ही लेखनं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. दुरुस्ती कधीही उत्तम. ती झाल्यावरच अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, नाहीतर तेही पुन्हा. दाखल्याचं आधी मंत्रालयात साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. सरकारी फी ५० रुपये, वर सेवाकेंद्राचं थोडं. एजंट याच कामाचे हजारो घेतात. जर्मनीला पाठवायचं असेल तर भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून, तोही खर्च धरा.

आपला_बाब्या
+१. आधी दुरुस्ती, मग अपोस्टिल. सगळ्यांनी लिहून ठेवा.

वकील_लावाच
वकिलाने हे सगळं एका फेरीत करून दिलं असतं.

दाखलादुरुस्ती
वकील कुडाळच्या बसस्टँडवर उभा राहणार आहे का? ग्रामपंचायतीत जायला माणूसच लागतो.

बव्हेरियाबुवा
अजून एक, पैशाचं. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेली बायको आणि मूल तुमच्याच हप्त्यात येतात. किंडरगेल्ड, म्हणजे मुलाचा भत्ता, २०२५ मध्ये महिना २५५ युरो होता. आयर्लंडात मुलाचा भत्ता १४०. हिशोब करा. कोणत्याही कार्यालयाने कायद्याबाहेरचं काही मागितलं तर युरोपीय संघाची सॉल्व्हिट ही सेवा आहे, मोफत, ऑनलाइन तक्रार. शक्य तर आधी त्या कार्यालयाकडून नकार लेखी घ्या, तोंडी 'जमणार नाही'वर थांबू नका.

तेरेखोलपार (धागाकर्ता)
सगळ्यांना दंडवत. एवढं वाचून ठरवलं: कॉर्क. बुवा रागावू नका. बायकोचं शिक्षण इंग्रजीत, ती तिथे लगेच कामाला लागू शकेल. जर्मन शिकेपर्यंत दोन वर्षं जातील. आणि आधी मी एकटा जातोय. खोली मिळाली, तीन पगारपावत्या हातात आल्या की मग त्यांचा अर्ज.

बव्हेरियाबुवा
चूक करताय. दोघं बरोबर गेलात तर जाण्याचा इरादा दाखवला की व्हिसाला पुरतं. आणि कॉर्कला कुटुंबासाठी घर तीन महिन्यांत? शुभेच्छा.

लिफ्फीकाठी
मी आयर्लंडवाला असून सांगतो, कासेलच घ्या.

तेरेखोलपार (धागाकर्ता)
ठरलंय. लिफ्फीकाठी, पावत्यांवर कॉर्कचा पत्ता लागतो की लिस्बनचा चालेल?

लिफ्फीकाठी
कॉर्कचा. पहिल्या दिवशीच कंपनीला पत्ता बदलून द्या. आणि वीजबिल किंवा भाडेकरारात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

दाखलादुरुस्ती
बायकोला आजच फोन करा. नमुना ई वर तुमचं आडनाव कसं लिहिलंय ते फोटो काढून मागवा.

तेरेखोलपार (धागाकर्ता)
मागवला. शेटच आहे, साधा. सोमवारी ती ग्रामपंचायतीत जातेय.