अनुभव धागा : कोकणात वाचलेले वेताळ, बहादूर, बॅटमन

परवा माळा झाडताना इंद्रजाल कॉमिक्सचे सतरा अंक हाती लागले. १९६४ ते १९९० या काळात निघालेली ही पुस्तकं आमच्या गावात विकत मिळत नसत. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून ती यायची आणि गौरी जाईपर्यंत अख्ख्या वाडीत फिरून पानं सुटी व्हायची. घरचे म्हणत, वेळेची नासाडी. मला ते आजही पटत नाही. कोकणात वाढलेल्यांनी सुपरहिरो कुठे वाचले, कोण मनात राहिला, कोण मनातून उतरला, ते सविस्तर लिहा. ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कादंबऱ्या, वाचणाऱ्यांनीही लिहा. वर आपल्या गावाचं नाव टाका.

आरवली, वेंगुर्ले

आमचा देव वेतोबा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि चालून चालून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे अमेरिकन लेखक ली फॉकचा मुखवटेधारी नायक फँटम इंद्रजालमधून मराठीत ‘वेताळ’ होऊन आला, तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. त्याचं मूळ बिरुदही चालणारं भूत असंच. आजीला मुखपृष्ठ दाखवलं. तिने चष्मा पदराला पुसला आणि आधी पाय बघितले. “ह्यो घोड्यार बसता? आमचो चलत फिरता, म्हणान चपला झिजतत.” मग कवटीच्या अंगठीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. त्या दिवसापासून ते पुस्तक जमिनीवर पडलेलं तिला चालत नसे.

मला वेताळ आवडतो तो मरतो म्हणून. १५३६ पासून बापामागून मुलगा शपथ घेतो, मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा, पण जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच आहे आणि अमर आहे. अंगात दैवी शक्ती कसलीच नाही, फक्त पत्करलेली राखण. आमच्याकडे देवळाचे मानही असेच बापाकडून मुलाकडे येतात. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

जयगडजवळचं गाव

लेखक आबिद सुरतींचा बहादूर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आला. भगवा कुर्ता, जीन्स, आणि गाव जयगड! शास्त्रीच्या मुखावरचा आमचाच किल्ला तो, अशी आम्हा पोरांची खात्री. आमच्या खाडीत डाकू का येत नाहीत, एवढंच कोडं होतं. तो जयगड चंबळकडचा हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. बहादूर मात्र उतरला नाही. डाकूचा मुलगा, पण गावकऱ्यांना उभं करून डाकूंशी लढतो. एकट्याने जग वाचवणाऱ्यांपेक्षा मला तो मोठा वाटतो.

रत्नागिरी

मी नाराज वाचक आहे. बॅटमनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा यावर १९८८ मध्ये वाचकांची फोनवरून मतं घेतली. मरावा म्हणणारी ५,३४३, जगावा म्हणणारी ५,२७१. पोरगा मेला, आणि पुढे परतही आला. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं, वर्षभरात उठवलं. मरणच खोटं, तर मी जीव कुणासाठी टांगणीला लावायचा?

कुडाळ

रत्नागिरीकर, अर्धं पटलं. दशावतारात संकासुर आज इथे मरतो, उद्या पुढच्या गावच्या जत्रेत पुन्हा उभा राहतो. ठाऊक असूनही आपण पहाटेपर्यंत बसतोच ना? पण तिथे ‘आता हा कायमचा गेला’ असं सांगून कुणी पैसे घेत नाही. राग त्या फसवणुकीचा करा, परत येण्याचा नको.

चिपळूण

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि पुस्तकांचं कपाट बुडालं. चिखल धुऊन सगळं पंख्याखाली मांडलं. वडिलांचे इंद्रजाल साध्या कागदाचे. पानापानांत वर्तमानपत्र घालून, दर दोन तासांनी बदलून, हळूहळू सुटले. कडेला तपकिरी रेघ राहिली तेवढीच. माझा पहिल्या पगारातून घेतलेला बॅटमनचा जाडजूड संग्रह गुळगुळीत कागदावरचा होता. तो सुकताना पानं एकमेकांना चिकटली आणि चिऱ्यासारखा एकसंध झाला. सुरीच्या टोकाने एक पान उचलायला गेलो तर रंगाचा पापुद्रा समोरच्या पानावर गेला, चेहऱ्यासकट. तो ठोकळा टाकवला नाही मला. अजून फडताळात आहे.

दापोली

शाळेत शिकवते. चित्रं असली की बालवाङ्मय, हा समज मला खटकतो. आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’ हे ग्राफिक नॉव्हेल वाचा, नाझी छळातून वाचलेल्या त्याच्या बापाची गोष्ट. त्यात ज्यू उंदीर म्हणून काढलेत, नाझी मांजरं म्हणून. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यातला बाप छळछावणीत बूट दुरुस्त करून जीव वाचवतो आणि म्हातारपणी रस्त्यात पडलेली वायरसुद्धा उचलून घरी आणतो. माझे आजोबा सुतळीचा तुकडा असाच जपायचे. त्यांनी काय सोसलं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मालवण

मी स्वतः एक काढतेय. किनाऱ्यावरच्या गावाचा राखणदार, बाई आहे, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ओढणारी. चौदा पानं झाली. माणसं जमतात, होड्या जमतात. पाऊस जमत नाही. तिरप्या रेघा मारल्या की तो कुठलाही पाऊस वाटतो, आमचा आडवा येणारा वाटत नाही. इथे कुणी चित्रकार असतील तर चौकटीत वारा कसा दाखवता, तेवढं सांगा.