प्रतिसाद: जड ठोसा पुरेसा नसतो

बॉक्सिंगमध्ये ‘ज्याचा ठोसा जड, तोच जिंकतो’ असं जे म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. जो फ्रेझियर आणि केन नॉर्टन, या दोन्ही हेवीवेट बॉक्सरांनी मुहम्मद अलीला हरवलं होतं. त्याच दोघांना जॉर्ज फोरमनने दुसऱ्या फेरीतच संपवलं. या हिशेबाने १९७४ मध्ये आफ्रिकेत, किन्शासात झालेल्या लढतीत फोरमनसमोर अली टिकायलाच नको होता! पण फ्रेझियर वाकून आत घुसायचा, म्हणजे थेट फोरमनच्या अपरकटच्या (खालून वर मारलेल्या ठोशाच्या) टप्प्यात. अली मात्र रिंगच्या दोरांना टेकून, हात वर घेऊन मार झेलत राहिला, मधूनच चेहऱ्यावर सरळ ठोसे मारत. शिवाय क्लिंचमध्ये, म्हणजे दोघं एकमेकांना धरून असताना, तो फोरमनची मान खाली दाबायचा. (याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण त्याने माणूस भयंकर थकतो.) आठव्या फेरीपर्यंत फोरमनच्या हातांत जोरच उरला नव्हता आणि तिथेच अलीने त्याला पाडलं.